हिरव्या डबीची ट्रायल

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशी मुलीच्या बॅगेतून एक हिरवी डबी पडली आणि घरंगळत फ्रिजखाली गेली. मी झाडूच्या दांड्यानं ती ओढून काढली, उलटसुलट करून वाचली, आणि माझ्या तोंडून जे पहिलं वाक्य गेलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दिवाळीचा फराळ संपत आला होता. आम्ही राहतो नाशकात, म्हसरूळला. मुलीच्या शाळेसाठी म्हणून गावातून आलो आणि इथलेच झालो. द्राक्षबाग मात्र दिंडोरीकडे, त्यामुळे मी आणि आमचे हे रोज सकाळी मोटारसायकलवर जातो आणि संध्याकाळी परत येतो. मुलगी बावीस वर्षांची, एकुलती, पोलीस भरतीची तयारी करते. मागच्या वेळी धावण्यात बरी होती, लेखीत चांगली होती, पण गोळाफेकीत गेलेले गुण शेवटी नडले आणि दोन गुणांनी ती यादीबाहेर राहिली. आता पुढची मैदानी चाचणी नऊ-दहा आठवड्यांवर आली होती. रोज पहाटे पाचला, त्या थंडीत, ती अकॅडमीच्या मैदानावर जायची, आणि परत आली की आरशासमोर उभी राहून स्वतःचं पोट चिमटीत धरून बघायची. मैदानाशेजारच्या जिममधल्या ट्रेनरनं तिला सांगितलं होतं की तिच्या अंगावर चरबी जास्त आहे आणि स्नायू कमी, आणि या डबीतल्या कॅप्सूल दोन्हींवर काम करतात.

डबीवर एक हिरवं पान आणि पानामागे दंड फुगवलेला माणूस. 'चरबी जाळा, स्नायू कमवा. शंभर टक्के वनस्पती अर्क.'

वनस्पती अर्क म्हटलं की माझं डोकं फिरतं, त्याला कारण आहे. बागायतदाराच्या घरात हे शब्द बाटल्यांवर सारखे दिसतात. समुद्री शेवाळाचा अर्क, निंबोळीचा अर्क, आणखी कसलाकसला. काही खरे असतात. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्यानं आम्हाला असाच एक अर्क दिला. निव्वळ झाडपाला आहे, लहान मुलानं प्यायला तरी काही होणार नाही, असं तो म्हणाला होता. फवारल्यावर चार दिवसांत कीड अशी गेली की आम्ही खूष. मग काढणीआधी द्राक्षांचा नमुना प्रयोगशाळेत गेला, कारण कोणत्या औषधाचा किती अंश राहिलाय हे तपासल्याशिवाय निर्यातीचा माल हलत नाही. रिपोर्टात असं एक कीटकनाशक निघालं जे आम्ही कधी घरात आणलंच नव्हतं. आमच्या फवारणीच्या वहीत त्याचं नाव नाही, कुठल्या पावतीवर नाही. ते त्या झाडपाल्याच्या बाटलीत कुणीतरी गुपचूप मिसळलेलं होतं. माल परदेशी गेला नाही, आणि मी त्या विक्रेत्याला भर चौकात जे ऐकवलं ते आमच्याकडे अजून सांगतात. तेव्हापासून माझं एक होऊन बसलंय. झाडपाल्याच्या औषधानं काहीच केलं नाही, तर मी समजू शकते. त्यानं फार चांगलं काम केलं, तर मला भीती वाटते.

आणि आता माझीच मुलगी रिकाम्या पोटी असला अर्क गिळत होती. कुठल्या परक्या देशातल्या पोराच्या ताटात काय जाईल याची मी बारा महिने वही ठेवते, आणि घरच्या पोरीच्या पोटात काय चाललंय ते मला फ्रिजखाली वाकल्यावर कळतं. मी तिला नको नको ते बोलले. त्यात 'जाडी ती जाडी, वर अक्कलही नाही' हेही बोलले. ती रडली नाही. ती फक्त म्हणाली, "तू प्रत्येक औषधाची ट्रायल घेतेस ना, मग याची घे. न बघता नाही म्हणू नकोस."

 तिनं मला माझ्याच खुंटीला बांधलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चष्मा लावून डबी नीट वाचली. पाच वनस्पतींची नावं होती, पण कोणती किती ते नव्हतं. पाचही मिळून एवढे मिलिग्रॅम, असं एकगठ्ठा लिहिलेलं. म्हणजे चार नावं शोभेला आणि पाचवंच सगळं असेल, तरी आपल्याला कळायचं नाही. वापरायच्या शेवटच्या तारखेवर नवीन तारखेचा कागद चिकटवलेला. आणि एकाच कॅप्सूलमध्ये चरबी घटवणार आणि स्नायू वाढवणार. आमच्या बागेत शेंड्याची वाढ रोखायला एक औषध असतं आणि मणी फुगवायला दुसरं. दोन्ही एकाच बाटलीत भरून कुणी विकायला आला, तर आमचे हे त्याला चहा पाजतील आणि वाटेला लावतील.

मग मी त्या ट्रेनरलाही भेटून आले. पोरगेलासा, नम्र होता, मला मावशी म्हणाला. कशात काय किती आहे म्हणून विचारलं, तर कंपनीचं गुपित असतं म्हणाला. मोबाइलवर त्यानं आधीचे-नंतरचे फोटो दाखवले. आधीच्या फोटोत माणूस पोट सोडून, खांदे पाडून, ट्यूबलाइटखाली उभा. नंतरच्यात पोट आत, अंगाला तेल, बाजूनं उजेड. आमच्याकडे टॉनिकवाले द्राक्षाचा घड कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरतात आणि तो हातभर लांब दिसतो, त्यातलाच प्रकार. मी त्याला विचारलं की तू स्वतः घेतोस का. तो हसला आणि म्हणाला की मला गरज नाही. तेव्हा माझा पारा चढला, पण भांडायचं नाही अशी मुलीनं शपथ घातली होती म्हणून मी तशीच घरी आले.

आमच्याकडे ट्रायल घ्यायची एक रीत आहे. नवीन औषध आलं की चार ओळींवर मारायचं आणि शेजारी एक ओळ कोरी सोडायची. पाणी तेच, खत तेच, छाटणी तीच, फक्त औषध नाही. कोऱ्या ओळीत आणि मारलेल्या ओळीत फरक दिसला तरच श्रेय औषधाला. मी मुलीला म्हटलं की सहा आठवडे मी कॅप्सूल घेते, तू बंद ठेव. मी मारलेली ओळ, तू कोरी ओळ. दर रविवारी दोघींचं वजन आणि दोघींची गोळाफेक, वहीत नोंद. शेवटी जे निघेल ते मी खरं सांगेन, आणि तेव्हाही तुझ्या हातात तीन आठवडे असतील.

खरं सांगायचं तर माझा डाव वेगळाच होता. सहा आठवडे तिच्या पोटात ते जाणार नाही, एवढाच. नंतरचं नंतर बघू. मी सत्तेचाळीस वर्षांची, माझं काय व्हायचं ते होवो. तिनं थोडा विचार केला आणि हो म्हणाली. तिला माझ्या वहीवर भरवसा होता, माझ्यावर किती होता कोण जाणे.

पहिल्या रविवारी बागेत क्रेट तोलायच्या काट्यावर मी उभी राहिले. एकाहत्तर किलो. मुलगी चौसष्ट. मग बांधाच्या कडेला मोकळ्या जागेत गोळाफेक. चार किलोचा तो लोखंडी गोळा मी ओढणी कमरेला खोचून मानेशी धरला आणि ढकलला, तो अडीच मीटरवर धप्पकन पडला. मुलीचा पाच मीटरला थोडा कमी. आमचे हे टेपचं टोक धरून उभे होते. त्यांना हसू आवरेना. "भरतीला दोघी जा," म्हणाले, "मी बाग बघतो." मी त्यांना टेप गुंडाळायला सांगितली.

तिसऱ्या दिवसापासून अंगात काहीतरी सुरू झालं. सकाळी दोन कॅप्सूल घेतल्या की तासाभरात छातीत कुणीतरी पंप चालू करून निघून गेल्यासारखं व्हायचं. बसवेना. एरवीही मी बसणारी बाई नाही, पण आता पायाला भिंगरी लागली. माळ्यावरची भांडी काढून घासली, ती पुन्हा वर ठेवली, दोन दिवसांनी पुन्हा काढली. भूक तर मेलीच. ताटात अर्धी भाकरी पडलेली असायची आणि मी उठून ओट्यापाशी उभी. कुणाशी बोलताना त्याचं वाक्य संपेपर्यंत मला दम धरवेना. पहाटे तीन-साडेतीनला डोळे टक्क उघडे आणि डोक्यात उगाच याद्या.

आणि दुसऱ्या रविवारी काटा दोन किलोनं खाली.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्या भीतीच्या आतून मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. कपाटात मागं सारलेला एक पंजाबी ड्रेस काढला, तो बसला. शेजारणीनं फाटकातून विचारलं की काय करताय हो, बारीक झालात. मी खांदे उडवले आणि दिवसभर ते वाक्य तोंडात घोळवत राहिले. मुलगी नुसती बघत होती. तिच्या नजरेत काय आहे ते मला दिसत होतं. आईचं वजन उतरतंय आणि आपण कोरं बसायचं.

त्यामुळे तिची मला कीव यायला लागली. पोरीची एक गोष्ट आपण काढून घेतलीय, असं सारखं मनात यायचं. मग मी तिला उकडलेली अंडी द्यायला लागले, आधी दोन, मग चार. शेंगदाण्याचे लाडू केले. भाकरीवर तूप, रात्रीचं दूध, मटकीची उसळ. माझी भूक मेलेली, त्यामुळे सगळा स्वयंपाक तिच्याच नावानं व्हायचा. सकाळी मैदानावर उशीर होऊ नये म्हणून रात्री तिच्या हातातला मोबाइल काढून घेऊन तिला लवकर झोपवायचे. हे करताना मी काही चुकतेय हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

चौथ्या आठवड्यात बागेत विरळणी जोरात होती. घडातले दाटीचे मणी कात्रीनं काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. नाजूक काम, हात स्थिर लागतो. पेठ तालुक्यातून आमच्याकडे दरवर्षी येणाऱ्या बायांच्या टोळीबरोबर मीही कात्री घेऊन उभी राहते, वीस वर्षं राहतेय. त्या दिवशी माझा हात थरथरत होता. मला वाटलं थंडीनं. अर्धी ओळ झाल्यावर त्या टोळीतली सगळ्यात जुनी बाई माझ्या मागून येताना दिसली. ती खाली वाकून काहीतरी गोळा करत होती. बघते तर मी नुसते मणी नाही, घडांचे खांदेच्या खांदे, म्हणजे बाजूचे फाटेच, छाटले होते, दोन ठिकाणी तर अख्खे घड जमिनीवर. तिनं ते पदरात घेतले होते, कुणाला दिसू नयेत म्हणून. माझ्या हातातली कात्री तिनं हळूच काढून घेतली आणि सावलीत बसायला सांगितलं. मी बसले, आणि दोन मिनिटांत उठले, कारण बसवतच नव्हतं. कानात ठोके ऐकू येत होते.

त्याच दिवशी परस्पर दिंडोरीतल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला, आणि काय चालू आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं काही नाही, झाडपाल्याचं एक आहे. ते वैतागले. "धोतरासुद्धा झाडपालाच असतो," म्हणाले. यात नुसता अर्क आहे की आणखी काही मिसळलंय हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण तुमचं हृदय काय म्हणतंय ते मला ऐकू येतंय, आजपासून बंद करा. मी हो म्हटलं.

आणि बंद केलं नाही. ट्रायल अर्धवट सोडायची नसते, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण तो ड्रेस होता. विक्रेत्याला चौकात उभं करणारी मी, छातीत पंप चालू असताना आणखी चार दिवस त्या कॅप्सूल घेत राहिले. पाचव्या दिवशी जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पायरीवर बसले, तेव्हा थांबले. घरात कुणाला सांगितलं नाही. वहीत मात्र लिहिलं, कारण वहीत मी खोटं लिहीत नाही.

कॅप्सूल बंद झाल्या तरी रविवारचा काटा आणि गोळा चालूच ठेवला. पाचव्या रविवारी आमचे हे वही चाळत होते. मुलीचे आकडे त्यांनी दोनदा पाहिले. वजन दीड किलोनं वर, आणि गोळा पावणेसहा मीटरच्या आसपास. मग त्यांनी स्वयंपाकघरातल्या अंड्यांच्या ट्रेकडे पाहिलं. यांची एक जुनी खोड आहे. ट्रायलमधली कोरी ओळ केविलवाणी दिसायला लागली की यांना राहवत नाही, हे मला न सांगता तिच्या बुंध्याशी दोन पाट्या शेणखत टाकून येतात. मग कोरी ओळच झकास दिसते आणि ट्रायल बोंबलते. यावरून मी त्यांना इतक्या वर्षांत किती झापलंय त्याला हिशेब नाही. ते वही मिटून शांतपणे म्हणाले, "लय बोलायची मला. तू काय केलं मग?"

मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी ओट्याकडे तोंड फिरवलं. कोऱ्या ओळीला मीच खत घातलं होतं.

शेवटच्या रविवारी सकाळी मी आणि मुलगी बागेत गेलो. हे पलीकडच्या तुकड्यात ट्रॅक्टर घेऊन फवारत होते. मी काट्यावर उभी राहिले. सहासष्ट. दोन आठवडे कॅप्सूल बंद होत्या आणि तरी आकडा सहासष्टवरच होता. आदल्या दिवसभर माझा जीव टांगणीला लागला होता, कारण निकाल मलाच द्यायचा होता. काही उपयोग नाही, फसवणूक आहे, असं एक वाक्य म्हटलं की विषय संपला असता. पण ते खोटं ठरलं असतं. पाच किलो उतरले होते, तिनं ते स्वतः पाहिले होते. खरं सांगितलं तर ती उद्यापासून कॅप्सूल सुरू करणार, तीन आठवडे घेणार, आणि मैदानावर आठशे मीटर धावताना तिच्या छातीत तोच पंप सुरू होणार. 

बांधावर तिला बसवलं आणि सगळं वाचून दाखवलं. वजन उतरलं, कारण भूक मेली आणि झोप उडाली. गोळा पहिल्या दिवशी अडीच मीटर होता, आज सव्वादोन. म्हणजे अंगातून जे गेलं त्यात बळही गेलं. हात थरथरला, घड तुटले, डॉक्टर बंद करा म्हणाले, मी ऐकलं नाही, जिन्यात बसले. ट्रायलसुद्धा पक्की नाही, कारण तुला मी अंडी-लाडू घालत राहिले. तुझा गोळा त्या खाण्यानं पुढे गेला की झोपेनं की सरावानं, ते मला वेगळं करून सांगता येणार नाही. पण कॅप्सूलनं नाही, एवढं नक्की. मला बारीक व्हायला आवडलं, हेही तिला सांगितलं. आता तुझं तू ठरव, असं म्हटलं.

ती पायाशी पडलेला गोळा बुटाच्या टोकानं इकडून तिकडे हलवत राहिली. मग तिनं विचारलं, "या सहा आठवड्यांत तू मला एकदाही जाडी म्हणाली नाहीस. ते कॅप्सूलमुळं का?"

मी वही मागे चाळली. असलं काही मी नोंदवलंच नव्हतं. माझ्या ध्यानातही आलं नव्हतं की आधी मी ते रोज म्हणत होते. चेष्टेत, रागात, पाहुण्यांसमोर, ताट वाढताना. ती दहा वर्षांची असल्यापासून. ती आरशासमोर पोट चिमटीत धरायची ते ट्रेनरनं शिकवलं नव्हतं.

नाही, कॅप्सूलमुळं नाही, एवढंच मला बोलता आलं. मग मी तिची माफी मागितली. आईनं पोरीची माफी मागायची सवय आमच्या घरात कुणाला नाही, त्यामुळे ती मला नीट जमली नाही. मध्येच मी रडायला लागले, मग स्वतःवरच चिडले, मग पुन्हा तेच वाक्य पहिल्यापासून सुरू केलं. ती थांबली होती. तिनं मला मध्ये तोडलं नाही आणि मिठीबिठीही मारली नाही.

"त्या मी घेणार नाही," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "मला भूक लागलीय."

हे वाक्य मी तिच्या तोंडून कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. मी समोर असले की ती नेहमी भूक नाही म्हणायची, आणि मी घराबाहेर गेले की डबे उघडायची. मला ते माहीत होतं, आणि त्यावरूनही मी तिला बोलायचे. मी पिशवीतून डबा काढला, भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा तिच्यापुढे मांडला आणि थोडी बाजूला सरकून बसले. ती जेवत होती. तिनं किती भाकरी खाल्ल्या ते त्या दिवशी मी मोजलं नाही.